हिरवा ठिपका

मास्तरांनी तक्ता केला तेव्हा त्यात आठ ओळी होत्या. साहेबांच्या टेबलावर गेला तेव्हा सात उरल्या होत्या. एक ओळ वाटेत कुठे गेली हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस त्या दिवशी भलताच खुशीत होता.

नोकरीला लागण्याआधी त्यांनी दहा वर्षं कॉम्प्युटरचे क्लास घेतले होते, म्हणून ते मास्तर. आता एक्कावन्न वर्षांचे होते आणि शहराच्या रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममधलं संगणकाचं सगळं काम बघत होते. कंट्रोल रूम म्हणजे एक लांबट हॉल, सहा टेबलं, टेबलांवर फोन आणि समोरच्या भिंतीवर भलामोठा पांढरा फळा. फळ्यावर नऊ रुग्णालयांची नावं आणि प्रत्येकापुढे रिकाम्या खाटांचे आकडे. दर तासाला आत्या एकेका रुग्णालयाला फोन लावायच्या, जुना आकडा पुसायच्या, नवा लिहायच्या आणि कोपऱ्यात वेळ टाकायच्या.

आत्या मास्तरांपेक्षा दोन वर्षांनी लहानच होत्या. पण पूर्वी त्यांची भाची तिथेच नोकरीला होती, ती हाक मारायची म्हणून सगळेच त्यांना आत्या म्हणू लागले. भाची लग्न होऊन गेली, नाव राहिलं. साहेबसुद्धा मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्याने ‘आत्यांचं काय मत आहे?’ असं विचारायचे. बावीस वर्षं त्या फोनवर होत्या. समोरचा माणूस रडत असो की ओरडत असो, पहिल्या तीन वाक्यांत पत्ता काढून घेणार म्हणजे घेणार.

तर हा फळा जाऊन त्या जागी स्क्रीन येणार होता. रुग्णालयांनी आपापल्या संगणकावर आकडे भरायचे आणि ते इथे त्याच क्षणी दिसायचे. फक्त आकडेच नाहीत, तर कुठल्या विभागात किती जागा, कुठली गाडी कुठे, दिवसभराचा आलेख, सगळे अहवाल चालते-बोलते हवे होते. हे कशात बांधायचं ते मास्तरांनी ठरवायचं होतं. साहेब म्हणाले होते, “दोन पर्याय तोलून लिहून द्या. मला त्यातलं कळत नाही, तुम्ही म्हणाल ते.”

पहिला पर्याय मास्तरांच्या हातचा होता. बारा वर्षं ज्या साधनांवर त्यांनी ऑफिसची सगळी कामं केली, त्यांच्यावरच हेही झालं असतं. सर्व्हरने डेटाबेसमधून आकडे घ्यायचे, अख्खं पान तयार करून पाठवायचं, आणि ब्राउझरने दर अर्ध्या मिनिटाला ते नव्याने मागायचं. पान बदलताना डोळ्यांची उघडझाप व्हावी तसं क्षणभर लवायचं. दिसायला अगदीच साधं. दुसरा पर्याय नव्या जमान्याचा. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात एक तार सतत जोडलेली ठेवायची, आणि जिथे आकडा बदलेल तिथून तो आपोआप घरंगळत स्क्रीनवर यायचा. त्यासाठी तीन नवी साधनं लागत होती. त्या तिन्हींवर मास्तरांनी व्हिडिओ पाहिले होते, घरी खेळून पाहिलं होतं, खरं काम मात्र एकाही दिवसाचं केलं नव्हतं.

मास्तर प्रामाणिक माणूस. तक्ता करायला बसले तेव्हा त्यांनी आठ प्रश्न मनापासून काढले. वेग किती, शिकायला किती दिवस, पुढे माणसं मिळतील का, असे. आठवा प्रश्न होता, ‘बंद पडलं तर बघणाऱ्याला कळेल का?’ तिथे जुन्या पद्धतीला दहापैकी नऊ द्यावे लागले, कारण पान आलं नाही तर सरळ कोरं दिसतं किंवा चूक म्हणून सांगतं. नव्याला त्यांनी चार दिले. बेरीज केली तर जुनं तीन गुणांनी पुढे.

त्याच रविवारी त्यांचा मेहुणा जेवायला आला. बायकोचा धाकटा भाऊ, मोठ्या कंपनीत होता, आणि बोलताना तोंडात दर दोन मिनिटांनी एखाद्या नव्या साधनाचं नाव यायचं. मास्तरांनी सहज विषय काढला. मेहुण्याने पहिल्या पर्यायाचं नाव ऐकलं आणि तो हसला. दुष्टपणाने नाही, लाडाने हसला, म्हाताऱ्या माणसाने जुनी छत्री जपून ठेवावी तसं काहीतरी बघितल्यासारखा. म्हणाला, “दाजी, अजून हे वापरतं कोणी?”

बायकोने विषय बदलला. मास्तर हसून जेवत राहिले, पण घास गोड लागेना. सोमवारी त्यांनी तक्ता उघडला आणि बराच वेळ आठव्या ओळीकडे बघत बसले. मग स्वतःला समजावलं की सर्व्हर काही रोज बंद पडत नाही, हा प्रश्न इतर प्रश्नांमध्ये आलाच आहे, आणि साहेबांना इतकी लांबड वाचायला आवडत नाही. ओळ काढली. नवं दोन गुणांनी पुढे गेलं.

पाच महिन्यांत काम झालं, आणि खरं सांगायचं तर देखणं झालं. आकडे पाण्यावरून आल्यासारखे सरकत यायचे. वरच्या कोपऱ्यात मास्तरांनी एक छोटा हिरवा ठिपका ठेवला, शेजारी ‘लाइव्ह’ अशी अक्षरं. ठिपका श्वास घ्यावा तसा मोठा-लहान व्हायचा. पाहुणे आले की मास्तरांचं बोट त्याच्याकडेच जायचं. तो ठिपका कशालाच जोडलेला नव्हता. नुसतं चित्र होतं, पान उघडलं की लुकलुकायला लागायचं. पुढे जोडू, असं मास्तर म्हणाले होते, स्वतःशीच.

आत्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “हा आकडा कधीचा आहे, ते कुठे दिसतं?”

“आत्या, कधीचा म्हणजे? आत्ताचा,” मास्तर म्हणाले. “तो ठिपका लुकलुकतोय ना? मग झालं. आता ते फोनबिन करत बसायचं नाही. तुमची बोटं वाचली.”

हॉलमध्ये हशा पिकला. आत्याही हसल्या. फळा काढून जिन्याखाली ठेवला गेला.

सात आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका मंगळवारी दुपारी, जेवणाची सुट्टी संपताना, केबलचं काम बघणाऱ्या माणसाने हॉलमधलं एक यंत्र बदललं. तसं त्याने आधी कळवलंही होतं. तारा मिनिटभर तुटल्या आणि परत जोडल्या गेल्या. पाच टेबलांवरचे स्क्रीन सावरले. आत्यांच्या टेबलावरचा सावरला नाही. पण तो बंदही पडला नाही. तुटताना जे आकडे होते तेच धरून बसला, आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका श्वास घेत राहिला.

सव्वातीनला फोन आला. दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर, वय साठ, शिडीवरून उतरून पाणी प्यायला बसले आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. तोंड वाकडं झालं. दुकानदाराने फोन लावला. आत्यांनी तीन वाक्यांत पत्ता काढला, गाडी पाठवली. नदीकाठच्या रुग्णालयापुढे स्क्रीनवर दोन खाटा दिसत होत्या, त्यांनी गाडीला तिकडे जायला सांगितलं. तिथल्या दोन्ही खाटा दीड तासापूर्वीच भरल्या होत्या. दारातून गाडी वळवावी लागली, आणि मध्ये पूल होता, दुपारची वर्दळ होती. दुसऱ्या रुग्णालयात पोचेपर्यंत अडतीस मिनिटं जास्तीची गेली. पेंटरांचा जीव वाचला. उजवा हात गेला.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली. साहेब, आत्या, मास्तर आणि वरून आलेले एक अधिकारी. नियमावलीत अजून जुनंच वाक्य होतं की गाडी पाठवताना रुग्णालयाला फोन करून खात्री करावी. अधिकाऱ्यांनी विचारलं, फोन का केला नाही? आत्यांनी सरळ सांगितलं की मास्तरांनीच सांगितलं होतं, आता फोन नको. सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

अधिकारी मास्तरांकडे वळले. स्क्रीन अडकला असावा असा मास्तरांना गेले दोन दिवस अंदाज होताच, पण त्यांनी तो तपासून पाहिला नव्हता. तपासला असता तर ठाऊक झालं असतं, आणि ठाऊक झालं असतं तर सांगावं लागलं असतं.

“फोन करू नका, असा आदेश मी कसा देणार?” ते म्हणाले. “फोनला कोणी लेखी मनाई केली नव्हती. आणि त्या वेळी सिस्टिम चालू होती. सर्व्हरच्या नोंदी आहेत माझ्याकडे.”

एकही शब्द खोटा नव्हता. सर्व्हर खरोखरच चालू होता. आत्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखादा पत्ता नीट ऐकू आला नाही की फोनवर त्यांची भुवई जशी आक्रसायची, तशी आक्रसली होती. मग त्या खाली बघून म्हणाल्या, “असेल. माझ्याच वाचण्यात चूक झाली असेल.”

आत्यांना फोनवरून काढून तळघरातल्या रेकॉर्ड विभागात धाडलं. जुन्या फायली क्रमाने लावायचं काम होतं. त्या दिवसापासून हॉलमध्ये मास्तर आले की गप्पा जरा हळू होऊ लागल्या. निदान मास्तरांना तसं वाटू लागलं.

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मास्तर आत्यांच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी मागची केबल उपसली. आकडे जसेच्या तसे राहिले. ठिपका लुकलुकत राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. मास्तर हातात केबल घेऊन बघत बसले. स्वतःच्या हाताने केलेली वस्तू आपल्याकडे बघून इतकं बिनदिक्कत खोटं बोलते आहे, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दिसत होतं.

आणि मग त्यांनी जे केलं, त्याची त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. त्यांनी ते गुपचूप दुरुस्त केलं. तार तुटली की आकडे झाकले जातील, लाल पट्टी येईल, असं चाळीस ओळींचं काम होतं, सुट्टी संपायच्या आत झालं. बदलांच्या नोंदवहीत लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा’. केबल परत लावली, खुर्ची होती तशी सरकवली आणि आपल्या खोलीत जाऊन डबा उघडला. दोन घास खाल्ले आणि डबा बंद केला.

नऊ दिवस गेले. घरी बायकोने दोनदा विचारलं, “अहो, तब्येत बरी आहे ना?” एकदा मेहुण्याचा फोन आला. नव्या सिस्टिमचं कौतुक कुठूनसं त्याच्या कानावर गेलं होतं. “दाजी, मानलं तुम्हाला,” तो म्हणाला. हे वाक्य ऐकायला मास्तरांनी सहा महिने कान टवकारले होते. आता ऐकलं तर कोणीतरी भर रस्त्यात अंगावरचा सदरा ओढावा तसं झालं. मीटिंग आहे असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

दहाव्या दिवशी एक जुनी फाईल हवी होती म्हणून त्यांना तळघरात उतरावं लागलं. दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं, पण शिपाई रजेवर होता. तिथे एका ट्यूबलाइटखाली आत्या बसल्या होत्या, फायलींना चिठ्ठ्या चिकटवत. त्यांनी फाईल लगेच काढून दिली. मास्तर निघाले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

“मास्तर, एक विचारू? तुम्हाला त्यातलं कळतं म्हणून विचारते. दोनच्या जागी शून्य असू शकतं का हो? म्हणजे मी घाईत शून्याला दोन वाचलं असेन का? मी चष्म्याचा नंबर तपासून आले. डॉक्टर म्हणाले, नंबर आहे तोच आहे. पण मला आता आकडा बघितला की भरवसा वाटत नाही. घरी गॅस बंद केलेला दोनदा जाऊन बघते.”

इथेच, या क्षणी सांगायला हवं होतं. मास्तरांची जीभ हललीसुद्धा. पण बाहेर आलं ते असं, “नाही हो आत्या, तसं काही नसेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

आणि ते जिना चढले. बावीस पायऱ्या होत्या. वर आल्यावर ते भिंतीला टेकून उभे राहिले, छातीशी फाईल धरून. आपण बाईला नुसतं फोनवरून उठवलं नाही, तिच्या डोळ्यांवर खापर फोडलं, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळं लिहून काढलं. ठिपक्याचं, तारेचं, आत्यांना दिलेल्या सूचनेचं, गुपचूप केलेल्या दुरुस्तीचं. सोबत आठ ओळींचा मूळ तक्ता जोडला. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की, आता सुधारलंय ना, मग उकरून काय मिळणार? दोन शहरांतून लोक ही सिस्टिम बघायला येणार आहेत. आत्यांना दोन-चार महिन्यांनी हळूच वर आणू.

क्षणभर मास्तरांच्या जिवाला बरं वाटलं, हेही सांगायला हवं. सुटलो, असा एक विचार आला. पण त्या विचाराचीच त्यांना इतकी किळस आली की ते उठून उभे राहिले. म्हणाले, “साहेब, त्या बाई शून्य आणि दोन ओळखता येतात का म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आल्या. हे मी सगळ्यांसमोर वाचणार आहे. तुम्ही परवानगी दिलीत तर बरं, नाही दिलीत तरी वाचणार.”

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी उभं राहून वाचलं. आत्यांनाही वर बोलावलं होतं. ‘ठिपका कशालाच जोडलेला नव्हता’ हे वाक्य वाचताना त्यांना हॉलमध्ये पूर्वी पिकलेला हशा आठवला आणि कान तापले. केबलवाला खाली बघून पेनचं टोपण काढ-घाल करत होता.

शेवटी आत्या बोलल्या. “हे साहेबांना दाखवलंत ना आधी?”

“हो.”

“आधी मला सांगायचं होतंत,” त्या म्हणाल्या. “परवा तळघरात मी तुम्हाला विचारत होते, तेव्हा.” उठून स्वतःच्या जुन्या टेबलाशी गेल्या, खुर्चीची उंची कोणीतरी बदलली होती ती खाली केली, आणि बसल्या.

मास्तरांकडून ते काम काढून घेतलं गेलं आणि एक ताकीद त्यांच्या फायलीत लागली. ती त्यांना कमीच वाटली. दोन महिन्यांनी साहेबांनीच बोलावून विचारलं की आता या सिस्टिमचं काय करायचं, आणि मास्तरांनी पहिला पर्याय पुढे ठेवला. या वेळी त्यांनी तक्ता आत्यांच्या टेबलावर नेला आणि प्रश्न त्यांना काढायला सांगितले. आत्यांनी अकरा काढले. आता प्रत्येक आकड्याखाली त्याची वेळ दिसते, दर अर्ध्या मिनिटाला पान लवतं, आणि शिवाय फोनही होतो. मेहुण्याने एकदा पाहिलं आणि परत जुन्यावर का गेलात म्हणून विचारलं. मास्तरांनी त्याला सगळी हकीकत सांगितली, काहीही न गाळता.

आत्या त्यांच्याशी बोलतात, पण कामापुरतं. पूर्वी डब्यातलं काही त्यांच्यापुढे सरकवायच्या, ते बंद झालं.

पेंटरांकडे जायला मास्तरांना चार महिने लागले. घर दोन खोल्यांचं होतं, बाहेरच्या खोलीत रंगाचे डबे भिंतीशी रचलेले. पेंटर जमिनीवर एक फळी मांडून डाव्या हाताने अक्षरं काढायचा सराव करत होते. मास्तरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. पेंटरांना बोलायला वेळ लागायचा. त्यांनी विचारलं, “म्हणजे… हात त्यामुळे गेला?”

“माहीत नाही,” मास्तर म्हणाले. “मी डॉक्टरांना विचारलं. वेळेत पोचला असतात तरी कदाचित गेला असता, कदाचित वाचला असता. नक्की कोणालाच सांगता येत नाही.”

“मग तुम्ही… काय सांगायला आलात?”

याचं उत्तर आपल्याकडे आहे असं घरून निघताना मास्तरांना वाटलं होतं. पेंटरांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग खडू लावलेल्या दोरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि फळीच्या पलीकडे बसायला खुणावलं. अक्षरांसाठी सरळ रेघ मारायची होती, दोन माणसं लागत होती. मास्तर बसले. दोरी ताणून धरली. पेंटरांनी डाव्या हाताने ती उचलून सोडली, रेघ उमटली, वाकडी आली. पुसून पुन्हा मारली. असं तासभर चाललं.

त्यानंतर ते आणखी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा दोरी धरून बसले. चौथ्या वेळी दार पेंटरांच्या बायकोने उघडलं. आत कोणाचा तरी वावर ऐकू येत होता, फळी सरकवल्याचा आवाजही आला. ती म्हणाली, “ते झोपलेत.” तिने डोळे खाली केले नाहीत. मास्तर ‘बरं’ म्हणाले, आणि पुन्हा तिकडे गेले नाहीत.